आधी अंघोळ, मग जेवण

मला पाण्याची ॲलर्जी आहे. हे वाक्य सांगलीत आल्यापासून मी इतक्या वेळा बोललेय, की समोरच्याचा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. "म्हणजे तुम्ही पाणी पीत नाही?" पिते की! तांब्यावर तांब्या रिचवते. पोटात गेलेल्या पाण्याचं आणि माझं काही वाकडं नाही. भांडण आहे ते अंगावरच्या पाण्याशी. अंगाला पाणी लागलं की थोड्या वेळात मान, पाठ, पोट, दंड भरून बारीक बारीक गांधी उठतात आणि अशी खाज सुटते की भिंतीला पाठ घासत उभं राहावंसं वाटतं. पाणी गरम असो, गार असो, विहिरीचं असो नाहीतर फिल्टरचं. घामाचंही तेच. तासाभरात सगळं आपोआप ओसरतं, पण तो तास जायचा असतो.

"मग अंघोळ?" हा दुसरा प्रश्न. तो विचारताना माणूस नकळत अर्धं पाऊल मागं सरकतो. अहो, करते अंघोळ! सकाळी उठल्यावर ॲलर्जीची गोळी, मग अंगाला चांगलं जाड मलम चोपडायचं, भराभर चार तांबे ओतायचे आणि पंचानं टिपून घ्यायचं. रगडायचं नाही. गाणी म्हणत बसायचं नाही. पावसाळ्यात मी स्कूटीवरून निघते तेव्हा अंगात रेनकोट, हातात मोजे, हेल्मेटच्या खाली प्लॅस्टिकची टोपी असा थाट असतो. आमच्या गल्लीतला रिक्षावाला म्हणतो, ताई चंद्रावर निघाल्या. म्हणू दे. मी वेळेवर आणि कोरडी पोचते.

तिसरा प्रश्न बायकांचा असतो. "मग पथ्य काय काय हो?" इथं मी काही बोलत नाही. डबा उघडते. भरलं वांगं, त्यावर तेलाचा तवंग, शेंगदाण्याची चटणी, दही, कधी आदल्या दिवशीचं सुकं मटण. हे माझं पथ्य. बघणारीचा चेहरा बघण्यासारखा होतो आणि मला दर वेळी तेवढाच आनंद होतो. कारण हा डबा मला कुणी आयता हातात दिलेला नाही. तो मी जत्रेच्या मांडवात, अख्ख्या भावकीच्या डोळ्यांदेखत जिंकून आणलाय.

आमचं गाव उंब्रजच्या पुढं, कृष्णेच्या अंगाला. ऊस आमचा, विहीर आमची, पाण्याला तोटा नाही. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन घरी आले आणि येताना फौज बरोबर घेऊन आले. सकाळी उठणं, अंघोळ, जेवण, सगळं हुकमावर. त्यात आईचा स्वतःचा एक हुकूम होता आणि तो आबांनाही लागू होता. अंघोळ झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. चहासुद्धा नाही. पारोशा माणसाला आमच्या स्वयंपाकघरात नुसतं डोकवायची बंदी. ताप आलेला असला तरी आई ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायची आणि मगच पेज द्यायची.

मी अकरावीत असताना हे दुखणं सुरू झालं. सकाळी अंघोळ करून यायचं, केस झटकत चुलीपाशी बसायचं, ताट पुढं यायचं, दोन घास पोटात जायचे आणि मानेपासून सुरुवात व्हायची. खाजवत खाजवतच जेवायचं. पहिल्या दिवशी ताटात वांगं होतं. आईनं ताट बघितलं, माझी मान बघितली आणि निकाल देऊन टाकला. "पित्त उठलं. वांगं बंद."

वांगं बंद झालं. दुसऱ्या दिवशी परत उठलं. त्या दिवशी आमटी होती. "तुरीची डाळ उष्णच असती." डाळ बंद. मग दही. मग अंडी. मग टोमॅटो, सुकट, मटण, हिरव्या मिरचीचा खर्डा. थोरली काकी, म्हणजे आबांच्या थोरल्या भावाची बायको, शेजारच्याच घरात राहायची. ती रोज येऊन माझं अंग तपासायची आणि जाताना एखादा नवा पदार्थ बंद करून जायची. शेवटी तिनं शेंगदाण्यावर बोट ठेवलं तेव्हा मी रडले. आमच्याकडच्या घरात शेंगदाण्याचं कूट बंद म्हणजे खायचं तरी काय? भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, खिचडीत कूट. माझ्यासाठी वेगळी पातेली आली. ज्वारीची भाकरी, मुगाचं पाणचट वरण, दोडका आणि दुधी. दुधी आणि दोडका. आजही बाजारात दोडका दिसला की मी रस्ता बदलते.

तुम्ही म्हणाल, एवढी शिकली-सवरलेली पोरगी, तिच्या कसं लक्षात आलं नाही? कसं येणार? भांडी घासताना माझे हात तासभर पाण्यात असायचे आणि तळव्यांना काही म्हणजे काही होत नसे. पावसात भिजून उठलं तर ते सर्द-गरम झालं म्हणून. शेतात घामानं उठलं तर उन्हानं पित्त खवळलं म्हणून. कधी एस्टी चुकेल म्हणून मी आईची नजर चुकवून बिनअंघोळीची, उपाशी कॉलेजला पळायची. त्या दिवशी अंग स्वच्छ. आई संध्याकाळी खूश व्हायची. "बगितलंस? काल मुगावर राहिलीस म्हनून."

आणि वर औषध! पित्तावर आमच्याकडं एकच रामबाण, आमसूल. वाटीत आमसुलं भिजत घालायची आणि ते लाल आंबट पाणी अंगाला चोळायचं. आई रोज संध्याकाळी मला पाटावर बसवून पाठभर ते पाणी चोळायची, इतक्या मायेनं, इतक्या हळू हातानं, की बोलायची सोय नाही. आणि जरा वेळानं पाठ पेटायची. मी म्हणायची, "आई, जास्त उठलं गं." आई म्हणायची, "उठू दे. आतलं भाईर पडतंय. आत ऱ्हायलं तर वंगाळ."

असं करत मी कराडला जाऊन केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. डब्यात दोडका घेऊन झाले. मैत्रिणी वडापाव खायच्या तेव्हा मी वास घ्यायची. अंगानं अशी वाळले होते की ड्रेसवर ओढणी टाकली तर ओढणीच जास्त दिसायची. पण डोकं शाबूत होतं. सांगलीला हळदीच्या एका मोठ्या पेढीनं मालाच्या तपासणीसाठी प्रयोगशाळा काढली होती. तिथं मुलाखतीला गेले आणि निवडली गेले. काम काय, तर हळदीतला ओलावा तपासायचा. तेव्हा मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

घरी पेढे घेऊन आले, अर्थात दुसऱ्यांसाठी. आईनं पेढा हातात घेतला आणि विचारलं, "ऱ्हानार कुटं?"

"हॉस्टेलवर. मेस आहे तिथंच."

संपलं. मेस हा शब्द ऐकला आणि आईचा चेहरा उतरला. मेसचं तेल, मेसचा मसाला, प्रत्येक भाजीत कूट. "पंधरा दिसांत उचलून आनावं लागंल तुला. माजी पोरगी मला जड न्हाई झाली." आबा एरवी माझ्या बाजूचे असायचे, पण माझ्या अंगावरच्या गांधी त्यांनीही बघितल्या होत्या. ते म्हणाले, "सेहत पहिली. नोकरी नंतर. बात खतम." फौजेतल्या माणसानं बात खतम म्हटलं की घरात पुढं कुणी बोलत नाही.

मी बोलणंच सोडलं. माझा राग तसा वाईट. भांडी आपटणार नाही, दार आपटणार नाही, पण तोंडाला असं कुलूप घालीन की घरातल्यांना स्वतःचा आवाज नकोसा होईल. आबा शेवटी वैतागले आणि म्हणाले, जा चार दिवस आत्याकडं, डोकं थंड करून ये. नोकरीवर हजर व्हायला अजून अवकाश होता, त्यामुळं मीही गेले.

आत्याचं घर माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडं. तिचे यजमान मुंबईला, ती शेरडं राखून घर चालवायची. उन्हाळा नुकताच लागला होता. विहीर आटलेली, गावात पाण्याचा टँकर यायचा, तोही सरकारच्या मर्जीनं. पहिल्याच सकाळी मी पंचा घेऊन न्हाणीकडं निघाले तर आत्या हसत सुटली. "आगं, अंगोळीला पानी कुटनं आनू? प्यायाला हाय त्येच लय झालं. बस जेवायला." आणि तिनं माझ्यापुढं मटकीची झणझणीत आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीची भाकरी ठेवली. तिला माझ्या पथ्याचं माहीत होतं, पण तिच्याकडं दुसरं काही नव्हतंच. मीही रागात होते. म्हटलं, उठू दे काय उठायचं ते! आईवरचा सगळा राग मी त्या आमटीवर काढला. चार भाकरी खाल्ल्या.

काही उठलं नाही. संध्याकाळी वांगं खाल्लं. काही नाही. दुसऱ्या दिवशी अंडी. काही नाही. आत्या म्हणाली, माणची हवा कोरडी, पित्ताला मानवती. मलाही तेच पटलं. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "आत साठतंय. एकदम उठंल बग."

आणि एकदम उठलं! टँकर आला त्या दिवशी. पहाटेपासून आम्ही दोघी घागरी घेऊन उभ्या होतो, चहासुद्धा घेतला नव्हता. पाणी भरून झाल्यावर आत्या कौतुकानं म्हणाली, आज दोन बादल्या तुला, केस धू, लांब केसांची पोर तू. मी डोक्यावरून अंघोळ केली. बाहेर आले, उन्हात केस पुसत बसले आणि मान चावायला लागली. मग पाठ. मग पोट. परकराची नाडी लागू देईना.

आत्या ओरडली, "काय खाल्लंस गं?"

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. काय खाल्लं होतं? काही नाही. आदल्या संध्याकाळपासून पोटात कण नव्हता. नुसतं पाणी भरलं होतं आणि नुसती अंघोळ केली होती. मी खाजवायची थांबले. खरंच थांबले. अंगाची आग होत होती आणि मी एखाद्या खुळीसारखी हसत होते. आत्याला वाटलं पोरीच्या डोक्यात ऊन गेलं.

दुसऱ्याच दिवशी आत्याला बरोबर घेऊन मी सांगलीला एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही हसल्या नाहीत, आणि कापड साध्या पाण्यात बुडवून माझ्या पाठीवर ठेवून आम्हाला बाहेर बसवलं. काढलं तेव्हा कापडाखालीच उठलं होतं. त्यांनी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. फार क्वचित कुणाला होतं, म्हणाल्या. पूर्ण जाईलच असं नाही, पण गोळीनं आणि मलमानं आटोक्यात राहतं. मी विचारलं, "पथ्य?" त्या म्हणाल्या, "खाण्याशी याचा संबंध नाही. सगळं खा." इतकी वर्षं मी जे खाल्लं नव्हतं ते सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. जिना उतरताना खाली भेळेची गाडी होती. आत्यानं आणि मी दोन-दोन प्लेट खाल्ल्या.

मला वाटलं लढाई जिंकली. कसलं काय! घरी सांगितलं तर काकी पदर तोंडाला लावून हसली. "पान्याची कुनाला ॲलर्जी असती व्हय? उद्या म्हनशील वाऱ्याची हाय." आई हसली नाही, पण ते जास्त वाईट होतं. ती म्हणाली, "नोकरीपायी पोरगी काय बी सांगायला लागली." आत्याची साक्ष काढली तर, ती काय, लाडावणार. डॉक्टरीणबाईंचं नाव काढलं तर, सांगलीच्या डॉक्टरांना आपलं पित्त काय कळतंय. मी म्हटलं, आत्ता ओलं फडकं ठेवून दाखवते. आई म्हणाली, "उठंलच की. भेळ खाल्लीस न्हवं?" घ्या!

आबा मात्र ऐकत होते. त्यांना पुरावा आवडायचा. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग हुकूम सोडला. "जत्रा तोंडावर हाय. दुसऱ्या दिवशी सगळं एका ठिकाणी शिजतंय. मटन हाय, वांगी हाय, कूट हाय. अंघोळ न करता समद्यांसमोर बसून खा. न्हाई उठलं, तर सोमवारी मी सवता तुला सांगलीला सोडून येतो. उठलं, तर नोकरीचं नाव पुन्यांदा काढायचं न्हाई."

"मंजूर," मी म्हटलं.

खरा स्फोट त्यानंतर झाला. जत्रेत बिनअंघोळीचं बसायचं! आईनं आबांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, ते त्या दिवशी दिलं. "आवं, द्येवाचं कार्य हाय का मिलिटरी? जत्रेच्या दिशी माज्या दारात पारुशी पोर जेवाय बसनार? पाव्हनं काय म्हनतील?" शेवटी तोड निघाली. पहिला दिवस पुरणपोळीचा, देवाचा. त्या दिवशी मी अंघोळ करायची आणि दुधी खायचा. दुसरा दिवस मटणाचा, पाव्हण्यांचा. त्या दिवशी मी देवळात पाऊल टाकायचं नाही, चुलीला शिवायचं नाही, पंगतीच्या टोकाला वेगळ्या चटईवर बसायचं. आईनं हे मान्य केलं, पण माझ्याशी बोलायचं सोडलं. कुलूप मला कुणाकडून मिळालंय ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी गोळी मुद्दाम घेतली नाही. उगीच पुन्हा कुणी म्हणायला नको, गोळीनं दबलं. मांडवात पुरुषांच्या पंगती उठल्या आणि बायकांची पंगत बसली. ऊन मी म्हणत होतं. मांडवाच्या पत्र्याखाली भट्टी झाली होती आणि मला भीती खाण्याची नव्हती, घामाची होती. मी सुती ओढणी गळ्याभोवती घेऊन मिनिटामिनिटाला मान टिपत बसले. काकीनं आपलं ताट मुद्दाम माझ्या समोर मांडून घेतलं. आबा खुर्ची टाकून बाजूला. आणि ही गोष्ट काकीच्या कृपेनं भावकीत सगळ्यांना ठाऊक झालेली, त्यामुळं जेवून उठलेले पुरुषही पान खात तिथंच रेंगाळलेले. आई वाढत होती. तिनं माझ्या ताटात सुकं मटण वाढलं, रस्सा वाढला, माळकरी पाव्हण्यांसाठी वेगळ्या चुलीवर केलेली भरली वांगी आणली. माझ्याकडं न बघता दोन वांगी ठेवली.

मी खाल्लं. काय सांगू तुम्हाला! आत्याकडं खाल्लं होतं, पण हे आईच्या हातचं वांगं. शेंगदाणे, तीळ, खोबरं, त्यात मुरलेला काळा मसाला. परीक्षा-बिरीक्षा मी विसरून गेले. भाकरी कुस्करून रस्सा ओतला, कांदा फोडला, लिंबू पिळलं. सगळी पंगत जेवायची सोडून मला बघत होती आणि मी खात होते. वेळ गेला. काही नाही. आबांनी घड्याळ बघितलं. काही नाही. एक वहिनी कौतुकानं म्हणाली, "खा पोरी, खा."

आणि तेवढ्यात काकी किंचाळली. "उठलं! मानंवर उठलं बगा!"

माझा हात मानेवर गेला. रस्सा तिखट, वर पत्रा, आणि मी खाण्याच्या नादात मान टिपायची विसरले होते. घामाचा ओघळ आला होता तिथं, केसांच्या खाली, पाच-सहा गांधी होत्या. आईच्या हातातली पळी रश्श्यात पडली. "ऊठ," ती म्हणाली. त्या दोन दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. "ऊठ, पोरी. बास झालं."

सांगली गेली, नोकरी गेली, ताट गेलं, पुढं जन्मभर दोडका. मी म्हटलं, हा घाम आहे. कुणी ऐकलं नाही. बायका एकमेकींकडं बघून माना हलवायला लागल्या. आणि मग माझं डोकं फिरलं. मी उष्ट्या हातानं तशीच उभी राहिले.

"आबा, तुमचा रुमाल द्या."

आबांचा रुमाल इस्त्रीचा, घडी घातलेला, कोपऱ्याला कोपरा जुळलेला. पंगतीतला पाण्याचा तांब्या मी डाव्या हातानं उचलला, रुमाल घडीसकट त्यात बुडवला, पिळला आणि भावकीच्या देखत बाही वर सारून उजव्या दंडावर ठेवला. "आता बघा. जे काय बघायचंय ते आता इथं बघा." आणि खाली बसले आणि डाव्या हातानं दुसरं वांगं खायला घेतलं. डाव्या हातानं जेवते म्हणून एरवी आईनं फटका दिला असता. त्या वेळी ताटंसुद्धा कुणी उचलली नाहीत.

कातडी चावायला लागली तरी मी हलले नाही. बराच वेळ गेल्यावर आबा उठून आले, चष्मा लावला आणि स्वतःच्या हातानं रुमाल काढला. खाली लालभडक झालं होतं आणि त्यात मोहरीएवढ्या गांधीच गांधी. घडी होती तेवढ्याच जागेत. चार कोपरे, चार कडा, जणू पट्टी धरून आखलेल्या. कडेच्या बाहेर केसभर नाही.

आबांनी माझा दंड सगळ्यांकडं फिरवून दाखवला. मग काकीकडं वळून, परेडवर काढायचे तो आवाज काढून म्हणाले, "वहिनी, तुमी समद्या जानत्या. मला सांगा, पोटातलं पित्त चौकोनी उठतंय व्हय?"

काकीनं रुमाल हिसकावून घेतला, स्वतःच्या दंडावर दाबून धरला आणि बसून राहिली. तिच्या दंडाला ओलीशिवाय काही झालं नाही. मग मागून कुणीतरी खुदकन हसलं, मग दुसरं, आणि सगळा मांडव हसायला लागला. आबांनी माझ्याकडं बघितलं. "सोमवारी सकाळच्या गाडीनं," ते म्हणाले. "बात खतम." ही बात खतम मला जन्मभर पुरेल. मला ओरडावंसं वाटत होतं. खरं तर मी ओरडलेच, काय ओरडले ते आठवत नाही.

आई मात्र हसली नव्हती. ती माझ्या दंडाकडं बघत उभी होती. मग हळूच येऊन माझ्या चटईवर, पारोशा चटईवर, टेकली आणि त्या चौकोनावरून बोट फिरवलं. "म्हंजी मीच चोळत हुते की गं रोज," ती एवढंच म्हणाली.

"आई, तुला काय ठाऊक होतं? मला तरी कुठं ठाऊक होतं?"

इकडं तिकडं बघून, कुणी ऐकू नये अशा आवाजात तिनं विचारलं, "मग आता म्या बी खाऊ व्हय?"

मला कळेना. काकीला कळलं. दंडावरचा रुमाल खाली ठेवत ती म्हणाली, "तुला ठावं न्हाई? तुजं एकेक बंद झालं तसं हिनं बी तोंडात घातलं न्हाई. वांगं न्हाई, मटन न्हाई. पोरगी दोडका खाती आन मी कशी खाऊ, म्हनायची."

आमच्याकडं बाई जेवते ती सगळ्यांच्या मागून, चुलीपाशी, एकटी. तिच्या ताटात काय आहे ते कुणी वाकून बघत नाही. मी उठले, ताट आणलं, मधोमध भाकरी ठेवली, पातेल्यातलं सगळ्यात मोठं वांगं तिला वाढलं आणि वर रश्श्याची पळी ओतली. ती पहिला घास तोंडात धरून नुसती बसली, डोळे मिटून. मला रडू आवरेना. ढसाढसा रडले, पंगतीत, सगळ्यांसमोर. आणि गालांवरून ओघळ उतरले तसे दोन्ही गालांवर चावायला लागलं.

आईनं डोळे उघडले. माझे गाल बघितले. ताटाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. कोरडा पदर घेऊन तिनं माझे डोळे दाबून पुसले.

"गप. रडू नगंस," ती म्हणाली. "पानी हाय त्ये बी."

आणि मग तिनं आणखी एक वांगं मागितलं.